पहिल्याच रिंगला

रूपसिंगनं फोन पहिल्याच रिंगला उचलला, आणि हेमांगीला बरं वाटलं.

सकाळपासून तिनं शहाद्यातल्या घरी बसून डोंगरातल्या पाड्यांवर फोन लावले होते. निम्मे लागलेच नव्हते. जे लागले, त्यांनी नुसतं हां हां केलं होतं. करोनाच्या पेशंटची रोज फोनवर विचारपूस करायची, एवढंच तिचं काम. पण माणूस सापडेल तर विचारणार. रूपसिंग मात्र सापडायचा. गुजरातेत ऊस तोडून परतलेला, रिपोर्ट पॉझिटिव्ह, घरच्यांपासून वेगळं राहायला सांगितलेला. सुरुवातीला त्याचाही फोन बंदच लागायचा. मग तिनं एकदा पाड्यातल्या दुसऱ्या कुणाच्या मोबाईलवर निरोप देऊन त्याला बोलावून घेतलं आणि चांगलं खडसावलं, की रोज माझा फोन येणार, एक दिवस जरी चुकलात तर गाडी पाठवून उचलून आणीन. तेव्हापासून गडी एकदाही चुकला नाही. कालच जेवताना ती नवऱ्याला म्हणाली होती, जरा कडक बोललं की ऐकतात ही माणसं.

तिनं पायाच्या अंगठ्याला बांधलेली झोळीची दोरी हळूच ओढली. बाळ आत्ताच पुन्हा झोपलं होतं. ताप आहे का, दम लागतो का, तोंडाला चव आहे का, सगळं तिनं ओळीनं विचारलं. त्याचं सगळं ठीक होतं.

तेवढ्यात फोनमधून रडणं आलं. तान्ह्या मुलाचं, अगदी जवळून.

हेमांगी ताठ बसली. "रूपसिंगभाऊ, तुमच्याजवळ लहान मूल आहे? वेगळं राहायला सांगितलंय ना तुम्हाला?"

"हळू बोल व, पोऱ्या उठी जाई," सासूबाई दारातून म्हणाल्या. दारातूनच, कारण कोपरापर्यंत साबण लावल्याशिवाय त्यांना झोळीजवळ यायची बंदी होती. दुधाची पिशवीसुद्धा या घरात आंघोळ करून आत यायची.

"वेगळाच राहतो बाई. शेतात, झोपडीत. बायको भाकर लांबून ठेवून जाते."

"मग रडतंय कोण?"

"ते कमलीचं. भावाची बायको आमची. ती फोनसाठी आली इथं."

"इथं म्हणजे कुठं?"

"वर. डोंगरावर, महूच्या झाडाखाली," तो म्हणाला. "रेंज इथंच येते ना."

मग त्यानं सावकाश, तिला समजेल असं सांगितलं. खाली पाड्यात फोनला काही येत नाही. घरोघरचे पुरुष सुरतेकडं कामाला, त्यांचे फोन या झाडाखालीच येतात. कधी येतील ते कुणाला ठाऊक नसतं, म्हणून बाया, म्हातारे येऊन बसतात. तो आजारी होता तेव्हा सांगितल्याप्रमाणं खाली झोपडीत पडून होता. म्हणून फोन लागत नव्हता. बाई रागावल्या, तेव्हापासून तो उजाडलं की वर चढतो.

"तुमचा फोन कधी सकाळी येतो, कधी ऊन उतरल्यावर. चुकला तर गाडी येईल. म्हणून बसून राहतो."

हेमांगीनं झोळीकडं पाहिलं. बाळ झोपलं की ती फोनला बसायची. कधी ते लवकर झोपायचं, कधी दिवसभर झोपायचंच नाही.

"लांब बसायचं ना मग, सगळ्यांपासून," ती म्हणाली. पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

"ऊन फार आहे, बाई. सावली एकच."

कुणाला ताप वगैरे आहे का, हे तिनं विचारलं. त्यानं पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं. म्हाताऱ्या दिवाल्याचं अंग परवापासून तापलेलं आहे. कमली खोकते. पोराला काही नाही, नुसती किरकिर.

पोर पुन्हा रडायला लागलं. मागून बाईमाणसाचा आवाज आला, पावरी बोलीत. हेमांगीला त्यातले दोनच शब्द कळले, गाडी आणि बाई. रडणं तिथल्या तिथं थांबलं.

"काय म्हणाली ती?"

रूपसिंग ओशाळं हसला. "काही नाही. तुमचं नाव सांगितलं. इथं पोरं रडली की आम्ही सांगतो, चूप बस, गाडीवाली बाई ऐकतेय."

पदराचं टोक हेमांगीनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग म्हणाली, "उद्यापासून वर यायचं नाही, भाऊ. झोपडीतच राहायचं. माझा फोन लागला नाही तरी चालेल."

"मग गाडी?"

नाही येणार, हे शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण गाडी पाठवावीच लागणार होती. दिवाल्यासाठी, कमलीसाठी, त्या सावलीत बसलेल्या सगळ्यांसाठी. आणि ती पाड्यात शिरली की कोण कुणीकडं पळेल, हेही तिला दिसायला लागलं.

"गाडी येईल," ती म्हणाली. "उद्याच. पण नुसतं तपासायला. खरंच, नुसतं तपासायला."



"पण बाई," रूपसिंग म्हणाला, "मी तर एक दिवस चुकलो नाही."

अंगठ्याला दोरीचा हिसका बसला. झोळीत तिचं बाळ उठलं होतं आणि मोकळ्या गळ्यानं रडत होतं. महूखालचं पोर गप्पच होतं.