तिकिटांवरचं इंग्रजी

चव्वेचाळीस साली कोरेगावजवळच्या एका शाळेत लालासाहेब मास्तर पोस्टाच्या तिकिटांवरून पोरांना इंग्रजी शिकवत. व्हिक्टोरिया दाखवली की पोरं ‘क्वीन’ म्हणत, जॉर्ज दाखवला की ‘किंग’. तिकिटं तीन आणि पोरं चाळीस.

एके दिवशी शाळा सुटल्यावर चार भूमिगत आत शिरले. त्यांच्या म्होरक्यानं विचारलं, “मास्तर, आमी गोऱ्यांना हाकलाय बघतोय आन् तुमी पोरांकडनं त्येंचा राजा पाठ करून घेताय व्हय?”

मास्तर म्हणाले, “भाषेसाठी हाय ते. राजाशी आपलं काय न्हाई.”

“म्हंजे इंग्रजी वाचता येतं तुमास्नी.” त्यानं पोतं जमिनीवर ओतलं. लुटलेलं टपाल होतं. “यातली पोलिसांची पत्रं वाचा. कुणाकुणाला धरणार हायेत, ते कळाय पायजे.”

मास्तरांनी एकूण एक पत्र वाचलं. त्यामुळे चार गावांतली माणसं वेळीच निसटली. टपाल जाळण्याआधी मास्तरांनी पाकिटांवरची तिकिटं तेवढी मागून घेतली.

पुढच्या महिन्यात शाळाखात्याचे साहेब तपासणीला आले. पोरापोराच्या हातात राजा बघून ते गहिवरले आणि त्यांनी शेरा लिहिला, ‘इतका राजनिष्ठ शिक्षक जिल्ह्यात दुसरा नाही.’