परदेशी बाईंची अट

"सांग त्यांना, ही भट्टी उद्यापासून बंद," अधिकारी म्हणाले. "वारसा यादीत यायचं तर धूर चालत नाही. ही घरंही गावाबाहेर हलवतोय."

दुभाषीने परदेशी परीक्षक बाईंच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं. बाईंनी नुसती मान हलवली.

कुंभारीण मातीने भरलेले हात तसेच घेऊन भट्टीपाशी उभी होती. तिच्या आजेसासऱ्यापासून तीच भट्टी, तोच जाळ. माती मऊ अन् माणसं कडू.

"पोटं आमची आणि जीभ हिची, तीही भाड्याची," ती दुभाषीला म्हणाली. "घर मोडायला आलीस ना? मग वर बघून बोल की."

गल्ली फिदीफिदी हसली. दुभाषी खालीच बघत राहिली.

"हे नको सांगूस," अधिकारी गुरगुरले. "तू फक्त जीभ. डोकं माझं."

बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. पाणी पुढं केलं तर हातानंच परतवलं. मग दुभाषीकडे वळून तुटकपणे काही बोलल्या.

"त्या विचारतात, विझलेल्या भट्टीला वारसा म्हणणारा शहाणा कोण?"

अधिकाऱ्यांचा चेहरा पडला. "सांग की... धुराच्या तक्रारी आहेत. वरून आदेश आहे."

दुभाषी बराच वेळ बोलली. ऐकताना बाई या पायावरून त्या पायावर होत होत्या. ओठ आवळून, आवाज चढवून त्या पुन्हा बोलल्या आणि तरातरा चालू लागल्या.

"त्या म्हणतात, जाळ पेटता आणि माणसं जागेवर राहिली, तरच यादी. नाहीतर त्या आत्ताच निघाल्या."

"अगं, थांबव त्यांना." अधिकाऱ्यांना घाम फुटला. त्यांनी तिथल्या तिथं कचेरीत फोन लावला आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं, "तो आदेश रद्द करा. हो, भट्टीचा आणि घरांचाही. आजच."

कुंभारणीने बाईंच्या पाठीला मातीचेच हात जोडले. "तोंडात साखर पडो हिच्या." मग दुभाषीकडे वळली. "नाहीतर तू. शीक जरा तिच्याकडनं."

दुभाषी बाईंमागे धावली. कोपऱ्यावर तिने बाईंना गाठलं.

बाई दात आवळून आपल्या भाषेत म्हणाल्या, "तिसऱ्यांदा विचारतेय. इथं संडास कुठंय?"