सकाळचं पहिलं बटण

मशीन बंद पडलं आणि नलिनीने टाळी वाजवली.

महिनाभर ती याच क्षणाची वाट पाहत होती. मरोळच्या त्यांच्या कंपनीने बनवलेला कॉम्प्युटर घाटकोपरच्या एका पतपेढीत रोज सकाळी चालू करताच मान टाकायचा. तिथले कारकून घाबरून प्लगच काढायचे, पुन्हा लावला की पुन्हा तेच. इथे कारखान्यात मात्र तसंच मशीन दिवसभर सुतासारखं सरळ चालायचं. नलिनीने ते वीज न तोडता नुसतं रीसेट करकरून छळलं, पण ते हूं की चूं करत नव्हतं. आज दुपारी पतपेढीवाले मशीन परत पाठवणार होते. ते आलं की ऑपरेटिंग सिस्टिमचा विभागच बंद, असं साहेबांनी काल तोंडावर सांगितलं होतं. जिवाचं रान करून उभा केलेला कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभाच, ती असा सुखासुखी मरू देणार नव्हती.

म्हणून आज कोणी यायच्या आत वॉचमनकडून किल्ली घेऊन ती आत शिरली. रात्रभर बंद असलेलं मशीन तिने पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने चालू केलं, आणि ते पडलं.

"सापडलास लेका!" ती मोठ्याने म्हणाली.

रीसेट केल्यावर ते गुमान चालू झालं. आता सगळं लख्ख दिसलं. वीज बंद राहिली की मेमरी पुसली जाते आणि वीज आली की तिथे वाट्टेल ते आकडे उगवतात. तिच्या कर्नलमधला एक तक्ता मात्र आपली जागा कोरीच असणार असं धरून बसला होता. पडता पडता ती जागा साफ व्हायची, म्हणून दुसऱ्या वेळी सारं सुरळीत. नव्या खोलीत सामान लावण्याआधी केर काढायचा असतो, एवढं साधं ती विसरली होती! तिला स्वतःचा राग आला आणि हसूही आलं.

तक्त्यात आधी शून्यं भरणाऱ्या चार ओळी तिने लिहिल्या. कर्नल नव्याने बांधला. मशीन बंद करून चहा पिऊन आली आणि पुन्हा चालू केलं. चाललं. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चाललं. तिने पतपेढीच्या मॅनेजरच्या घरी फोन लावला. "मशीन हलवू नका. मी नवी टेप घेऊन निघालेय."

फोन ठेवते तोच दारात गिल्बर्ट दिसला. सगळे यायच्या आत एसी आणि मशीन चालू करून ठेवणारा हा मनोरीचा माणूस तिच्या वडिलांच्या वयाचा. चालू पडदा पाहून तो थबकला.

"मॅडम, पयल्यांदाच चालू झाला? पडला नाय?"

नलिनी त्याच्याकडे बघतच राहिली. "अंकल, म्हणजे इथेही रोज पडायचं?"

"रोज," तो ओशाळून म्हणाला. "पण तुमी एवढा जीव लावून बनवलाय. आल्या आल्या पडलेला बघून तुमाला वाईट वाटंल, म्हणून मी लवकर येऊन रीसेट दाबून दुसऱ्यांदा चालू करून ठेवायचो."