दुसरीचे हात

आशियाई स्पर्धेला बारा दिवस उरले होते, आणि केतकी घोरपडे राखीव खेळाडूंच्या बाजूने सराव सामना खेळत होती. अकरा वर्षं भारताच्या महिला व्हॉलीबॉल संघाची सेटर, म्हणजे फटक्यासाठी चेंडू उचलून देणारी, तीच होती. महिन्यापूर्वी संघ व्यवस्थापनाने 'फक्त नोंदीसाठी' म्हणून तिची सही घेतली, तिच्या मेंदूतला सगळा सराव उतरवून घेतला आणि एकोणीस वर्षांच्या जुईली काणकोणकरच्या मेंदूत भरला.

जाळीपलीकडे आता जुईली केतकीच्याच बोटांनी चेंडू उचलत होती. तो कुठे जाणार हे केतकीला आधीच कळायचं. केतकीने तो सलग तीनदा अडवला.

चौथ्यांदा जुईली उडी मारून एकाच पायावर उतरली आणि उजवा गुडघा धरून किंचाळली. डॉक्टरांनी तपासलं. गुडघा ठणठणीत होता. चार वर्षांपूर्वी अस्थिबंध फाटला होता तो केतकीच्या गुडघ्याचा. सरावाबरोबर तिची भीतीही जुईलीत उतरली होती.

प्रशिक्षक बर्वे धावत केतकीकडे आले. "तू ही भीती कशी घालवलीस?"

"वर्षभर रोज रडून."

"मग शिकव तिला. देशाचा प्रश्न आहे."

"माझं घेताना मला विचारलं होतंत, सर?"

जुईली जमिनीवरूनच म्हणाली, "ताई, मी नव्हतं मागितलं."

"मीही नव्हतं दिलं," केतकी म्हणाली. "ऊठ."

आणि चेंडू घेऊन ती रेषेमागे गेली. तिने सर्व्हिस केली ती नेमकी जुईलीच्या उजव्या पायाकडे; त्याच पायावर भार दिल्याशिवाय तो चेंडू उचलता येणार नव्हता.