देव्हाऱ्यातला शंख

"स्वयंभू आहे!" नाना, म्हणजे माझे सासरे, शेजाऱ्यांना देव्हाऱ्यातला शंख दाखवत होते. नखाएवढा, पांढराशुभ्र, जिलबीसारखा वळलेला. माझ्या माहेरी वेंगुर्ल्याला आले असताना त्यांना तो किनाऱ्यावर सापडला. तेव्हापासून रोज देवांबरोबर त्यालाही आंघोळ, गंध, तुळस.

मी स्वयंपाकघरात हसू दाबत होते. सासूबाईंनी हेरलंच. "काय गं, एवढं काय झालं?"

"आई, तो शंख नाहीच. आमच्याकडे म्हाकूल म्हणून मासळी खातात ना, तिच्या एका चिमुकल्या चुलत बहिणीच्या पोटातलं कवच आहे ते."

सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. ज्या घरात अंड्याचं नावही काढत नाहीत, तिथे देव मासळीच्या मांडीला मांडी लावून बसले होते!

"यांना सांगू नकोस बाई," त्या कुजबुजल्या. "शुद्धी करत बसतील आणि महिनाभर मला सोवळ्यात राबवतील. बोल, गप्प बसायचं काय घेशील?"

"तळलेला बांगडा."

त्यांनी डोळे मिटले. "तवा वेगळा. आणि हे भजनाला गेले की मगच."

बांगडा तळला, नेमके त्याच दिवशी नाना भजनाहून लवकर परतले. दारातच नाक वर करून म्हणाले, "मासळीचा वास कुठून येतोय?"

मी ताटलीवर झाकण दाबलं. सासूबाईंनी शांतपणे देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं. "तुमच्या शंखाचा असेल. समुद्रातला आहे ना तो!"

नाना वाकले, त्यांनी शंख हुंगला.

"खरंच की!" म्हणाले, आणि त्याला आणखी थोडं गंध लावलं.