बदली येईपर्यंत

"निघालीये, पोहोचेलच," असं ताईने फोनवर सांगितलं आणि फोन ठेवला. कोणीही निघालेलं नव्हतं.

आजाऱ्यांच्या उशाशी बसायला घरोघरी बायका पुरवणारा तो ब्यूरो. कोणाला कुठे पाठवायचं ते ताई ठरवायची. पूर्वी समोरच्या बाकावर कामासाठी आलेल्या बायका दाटीवाटीने बसत, सुनांची उणीदुणी काढत आणि नाव पुकारलं की पिशवी उचलून निघत. या वर्षी बाक रिकामा होत गेला. कोणी नव्या हॉस्पिटलात कायम झाल्या, कोणी मोबाइलवरून परस्पर कामं धरली. आज बाकावर एकटीच बाई होती, मांडीवर डबा घेऊन. तिला ताईच्याच घरी जायचं होतं, ताईच्या वडिलांकडे.

पुन्हा फोन वाजला. वडिलांजवळ रात्रभर बसलेली मावशी होती.

"ताई, उजाडून किती वेळ झाला. माझी बदली कुठाय?"

"निघालीये, मावशी."

"हे गिऱ्हाइकांना सांगायचं मला नका ऐकवू. त्या बाकावर बसून मीही ऐकलंय." मग तिचा आवाज खाली आला. "बाबांचा श्वास वेगळा वाटतोय. डॉक्टर म्हणाले, आता कोणीतरी जवळ राहा."

ताईने बाकाकडे पाहिलं. बाई उठलीच होती. तेवढ्यात काचेचं दार ढकलून एक माणूस आत आला.

"माझी आई घरात एकटी आहे. बाहेरून कुलूप लावून आलोय मी! तुमची बाई निघालीये, निघालीये... कुठून निघालीये, चंद्रावरून?"

आतल्या खोलीतून मालकीणबाई आल्या. त्यांनी त्या माणसाकडे पाहिलं, बाकाकडे पाहिलं आणि ताईकडे पाहायचं टाळलं.

वडिलांजवळ निदान मावशी होती. बदली येऊन बसल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही, हा नियम ताईनेच घालून दिला होता. पहिल्याच दिवशी प्रत्येकीला ती तो बजावून सांगायची. मावशी उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुलपाआड मात्र कोणीच नव्हतं.

"यांच्याबरोबर जा," ती बाईला म्हणाली.

दोघं बाहेर पडल्यावर तिने खुर्चीवरची पिशवी उचलली.

"अगं, फोन कोण घेणार?" मालकीणबाई म्हणाल्या.

"वाजू दे."

रस्त्यावरूनच तिने घरी फोन लावला. "मावशी, मी निघालेय. बाबा?"

मावशी म्हणाली, "शांत झोपलेत. सावकाश या."

ताईच्या जिवात जीव आला. तरी शेवटच्या वळणापासून ती धावतच सुटली.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी खुर्चीत बसली होती, खांद्याला पिशवी, हातात वडिलांचा हात. चादर छातीपर्यंत नीट ओढलेली, केस विंचरलेले. खोलीत श्वास एकट्या मावशीचाच ऐकू येत होता.

ताई दारातच थांबली. "कधी?"

"तुमचा फोन आला, त्याच्या जरा आधी."

"मग झोपलेत असं का सांगितलंत?"

"तुम्हाला रस्ते ओलांडायचे होते."

ताईला पुढे येववेना. काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "तुमचा नातू घरी वाट बघत असेल. तुम्ही गेला का नाहीत, मावशी?"

"बदली कुठे आली होती?"

ताई पलंगाजवळ आली. मावशी उठली. रोज निघताना पुढच्या बाईच्या हाती ती औषधांचा डबा सोपवायची, तसाच जपून तिने वडिलांचा हात ताईच्या हाती दिला. ताई बसली. खुर्ची अजून ऊबदार होती.

ताईच्या पिशवीत फोन वाजू लागला. वाजून थांबला, पुन्हा वाजला. ताई हलली नाही. शेवटी मावशीनेच तो काढून कानाला लावला आणि पलीकडच्या गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घेतलं.

"नाही हो," ती म्हणाली, "कोणी निघालेलं नाहीये. ताई इथे बसल्यात."