अर्धं बॉनेट

"गाडी धुतली कशाने?" दुकानदाराने विचारलं.

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. बायको समोरच्या फळीवरच्या शॅम्पूच्या बाटल्यांकडे पाहू लागली.

"भांड्याच्या साबणाने," ती म्हणाली. "आणि घासणीने."

"घासणी म्हणजे स्पंज ना?"

"नाही. हिरवी."

दुकानदाराने हातातली बाटली परत फळीवर ठेवली. या धंद्यात त्याने गाड्यांचे बरेच हाल पाहिले असणार, पण हिरवी घासणी म्हटल्यावर त्याचाही चेहरा पडला. नवऱ्याने मोबाइलवरचा फोटो त्याच्यापुढे धरला. काळ्या बॉनेटभर बारीक बारीक गोल ओरखडे. सावलीत कळत नव्हते, उन्हात एकूण एक मोजता आले असते.

गाडी त्यांची नव्हती, खरं घोडं तिथेच अडलं होतं. ती नवऱ्याच्या थोरल्या भावाची. दोघा भावांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. पुतणीला, म्हणजे या नवराबायकोच्या मुलीला, बाळ झाल्याचं कुणाकडून तरी कळलं तेव्हा थोरल्याने आपणहून फोन केला. "बाळाला रिक्षातून नका आणू, माझी गाडी घेऊन जा," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. बाळ दवाखान्यातून घरी आलं. दुसऱ्याची वस्तू मळकी कशी परत करायची, म्हणून सकाळी नवराबायको बादली घेऊन खाली उतरले. या घरात स्वच्छ म्हणजे घासलेलं. दोघांनी जीव ओतून घासली, तेच नडलं.

आणि संध्याकाळी दादा गाडी न्यायला येणार होता.

"मशीनने पॉलिश करणाऱ्याकडे आज नंबर लागायचा नाही," दुकानदार म्हणाला आणि त्याने काउंटरवर दोन डबे ठेवले. "हे वॅक्स. लावलं, पुसलं, झालं. ओरखडे त्यात बुजतात, दिसत नाहीत. दोन-तीनदा धुतली की मात्र पुन्हा वर येतात. आणि हे कंपाऊंड. याने रंगाचा वरचा थर किंचित झिजतो, ओरखडे जातात ते जातातच. पण हाताने करायचं म्हणजे खांदे भरून येतील. संध्याकाळपर्यंत उरकेल असं काही मी म्हणणार नाही."

"वॅक्स द्या," नवरा म्हणाला.

"आणि दोन-तीनदा धुतल्यावर?" बायकोने विचारलं.

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हा आपण कुठले बघायला? तेव्हा दादा बघतील, स्वतःच्या दारात, एकटे. वर म्हणतील, माझ्यापासून लपवलं."

"आणि आज दिसलं तर आजच सगळं संपेल." त्याचा आवाज खाली गेला. "इतक्या वर्षांनी एक फोन आलाय गं."

त्याला खरोखरच भीती वाटत होती. तिलाही वाटत होती, पण दोघांनी एकदम घाबरून कसं चालेल? दुकानदार तेवढ्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाला टायरचं पॉलिश दाखवून आला.

"तोंडावर रागावलेल्या माणसाची समजूत काढता येते," ती नवऱ्याला म्हणाली. मग दुकानदाराकडे वळली. "कंपाऊंड द्या. आणि मऊ फडकी. मऊ म्हणजे अगदी मऊ."

दुपारभर दोघं इमारतीखाली बॉनेटवर ओणवी होती. थोडं कंपाऊंड लावायचं, घासायचं, पुसायचं, वाकून उजेडात बघायचं. शेजारीपाजारी जाता-येता सल्ले देत होते. ऊन कललं तेव्हा बॉनेटची डावी बाजू अशी लखलखत होती की तिच्यात वरच्या मजल्यावर वाळत घातलेली बाळाची दुपटी दिसत होती. उजवी बाजू मात्र तशीच गढूळ होती, आणि डावी चमकल्यामुळे आता जास्तच गढूळ दिसत होती.

दादा सांगितल्या वेळेच्या आधीच आला. बसथांब्यावरून चालत, काखेत पिशवी. झाकाझाकी करायला वेळच मिळाला नाही.

"दादा," नवरा फडकं हातात घेऊन उभा राहिला.

दादा गाडीच्या पुढ्यात आला, वाकला, एक डोळा बारीक करून उजेडाच्या दिशेने बॉनेट पाहिलं. आधी डावीकडून, मग उजवीकडून. उजव्या बाजूवरून हलकेच बोट फिरवलं.

"घासणी?" त्याने विचारलं.

"हिरवी," बायको म्हणाली. "मीच आणली घरातून."

"घासली मी," नवरा म्हणाला.

कंपाऊंडचा डबा उचलून त्यावरचं बारीक अक्षर दादाने वाचून काढलं. मग पिशवी कठड्यावर ठेवली, मनगटावरचं घड्याळ सोडून भावजयीच्या हातात दिलं आणि बाह्या वर सारल्या.

"अंगठी काढ आधी," तो भावाला म्हणाला. "तिनेही ओरखडे पडतात. आणि हात असा गरागरा नको फिरवूस. सरळ ने."

भावाने अंगठी काढून खिशात टाकली. दोघं उजव्या बाजूला शेजारी शेजारी वाकले. फडक्यांचा तेवढा आवाज येत होता.

"पुढच्या वेळी नेलीस," दादा मान वर न करता म्हणाला, "तर धुवू नकोस. मळकीच आणून दे."